फेजआधी टाकीतला क्लोरीन बघा

महोदय,
कोंबड्यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा जिल्ह्यातल्या पोल्ट्रीवाल्यांनी जिवाणू मारणाऱ्या फेज विषाणूंचा विचार जरूर करावा. मात्र फेज ठरावीक जिवाणूलाच लागू पडतो. मेलेल्या पक्ष्याच्या यकृतातला ई-कोलाय जिवाणू त्या फेजने मरतो का, हे प्रयोगशाळेतून कळल्याशिवाय बाटली उघडू नये. एकाच फेजला जिवाणू लवकर दाद देईनासे होतात, म्हणून अनेक फेजचे मिश्रण बरे.

घोडं पेंड खातं ते टाकीपाशी. टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडरच्या पाण्यात फेज निकामी होतो. टाकी, पाइप, निपल (पक्ष्यांच्या पाणी प्यायच्या तोट्या) क्लोरीन नसलेल्या साध्या पाण्याने धुवावेत, पक्षी तासभर तहानलेले ठेवावेत आणि दोन तासांत संपेल एवढेच फेजचे पाणी द्यावे. एप्रिल-मेमध्ये हे सकाळीच उरकावे. दुपारी तहानलेले ठेवले तर उन्हाच्या तडाख्याने पक्षी पटापट मरतील.

– एक पशुवैद्यक, सिन्नर (जि. नाशिक)