शनिवारी मी शाळेत येतोय

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा जेवताना ताटावरून मान वर न करता तू म्हणालास, "बाबा, या शनिवारी तुम्ही शाळेत येऊ नका." समोरासमोर बोलायला बसलो की माझा आवाज चढतो आणि तू उठून जातोस, म्हणून लिहितोय.

कारण मला ठाऊक आहे. मागच्या एप्रिलात आनंददायी शनिवारी, म्हणजे पुस्तकाबाहेरच्या उपक्रमांच्या दिवशी, सरांनी मला बियाण्याची उगवण तपासून दाखवायला बोलावलं होतं. फळ्यापुढे उभा राहून मी म्हणालो, "मले सांगा, बियाणं चांगलं हाय हे कसं वयखाल?" आणि मागची पोरं हसली. घरी सगळेच तसं बोलतात, पण वर्गात ऐकलं की हसू येतं. नंतर आठवडाभर ती पोरं तुला "मले सांगा, मले सांगा" करत होती, हे आईकडून कळलं. तुला लागलं असणार. मलाही लागलं.

पण त्या दिवसाचं पुढचंही आठव. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे आपण ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळी करून सुतळीने बांधली, वर्गाच्या कोपऱ्यात ठेवली. पाणी शिंपडायला पाळ्या लावल्या. पुढच्या शनिवारी सोडून बघितलं तर ६४ दाण्यांना चांगले मोड. शंभरात ७० उगवले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं, एवढं मला माहीत होतं. कमी उगवले तर किती वाढवायचं, ते मी आजवर अंदाजानेच करत आलो. तुमच्या वर्गातल्या एका पोरीने ३० ला ७० ने गुणलं, ६४ ने भागलं आणि म्हणाली, "काका, तेहतीस किलो धरा." वीस वर्षं पेरतोय मी, आणि हा हिशेब सहावीच्या वर्गात शिकलो. जूनमध्ये तेहतीसनेच पेरलं, ओळीत कुठे खाडे पडले नाहीत.

आता एक गोष्ट, जी तुला सांगितली नव्हती. शाळा व्यवस्थापन समितीत माझं नाव लागून दोन वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी गाडी बंद न करताच ठरावाच्या वहीवर सही करून वावरात जायचो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत पाऊण हिस्सा पालकांना दिलाय आणि निम्म्या जागा बायांना. ते नुसत्या सहीसाठी नाही, हे मला गेल्या नोव्हेंबरच्या सभेत उमजलं. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन कापसाची वेचणी जोरात होती. मोठ्या मॅडमनी गैरहजर पोरांची यादी वाचायला घेतली. पालकांना समज द्यावी, असं मीच सगळ्यांत आधी बोललो होतो. यादीत चौथं नाव तुझं निघालं. सलग सहा दिवस. मजूर मिळत नव्हते म्हणून मीच तुला पऱ्हाटीत उभं केलं होतं. बोंडांच्या टोकांनी तुझ्या नखांजवळची कातडी सोलली होती, रात्री आई त्यावर तेल लावत होती, ते मी बघितलंही होतं. शेजारच्या काकू एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मग आपल्या घरापासून लिहू." मी खाली बघून सही केली. दुसऱ्या दिवशी तुला शाळेत पाठवलं, पण का ते सांगितलं नाही. चूक माझी होती, बाळा.

त्याच सभेत ठरलं की आठवीच्या पोरांच्या सांजेच्या अभ्यासाला पालकांनी पाळीपाळीने बसायचं. मंगळवार माझा. एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी होती: दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. मला त्यातलं शिकवता येत नाही. मी दार उघडायचो, लाइट गेली की बॅटरी धरायचो, सुटल्यावर पोरींना घरापर्यंत सोडायचो. आकृत्यांचे प्रश्न बघून बघून एखादा मलाही सुटायला लागला. थंडीत गोधडी पांघरून तिथे बसायला मला फार आवडलं.

पुढच्या वर्षी तुझा नंबर. त्या परीक्षेला बसायला सातवीत ५५ टक्के लागतात, ते यंदाच आणायचे आहेत. आणि वेचणी कितीही अडली तरी शाळेच्या दिवशी तुला वावरात नेणार नाही. मजुरी जास्त पडली तर पडू दे. आईला तोंडी कबूल केलंय, तुला लिहून देतो.

शनिवारी मी येतो. तोंडातून "मले" जाणार नाही, ती तुझ्या आजीची बोली आहे. गोणपाट गुंडाळताना दुसऱ्या टोकाला एक माणूस लागतो. तू पुढे आलास तर बरं वाटेल. नाही आलास तर सर दुसऱ्या कुणाला उभं करतील, मी राग धरणार नाही.

दाणे मोजून देवळीतल्या डब्यात ठेवलेत. १०० आहेत की ९९, दिव्याच्या उजेडात मला नीट दिसलं नाही. सकाळी एकदा मोजून ठेवशील?

तुझा बाबा