बापू, लंडनला आलास की बसनेच फिर

लंडन, ऑक्टोबर 2025

प्रिय बापूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोनवर विचारलंस की पोराला सुट्टी नसली तर आम्ही तिकडं फिरायचं कसं. तेव्हाच सांगणार होतो, पण आक्का मधेच फोन घेते आणि विषय जातो गवारीच्या भावावर, म्हणून सगळं लिहूनच काढतो. व्हॉट्सॲपवर पाठवतोय, प्रिंट काढून ठेव, तुझा फोन ऐनवेळी कधीच चार्ज नसतो.

पहिलं म्हणजे ट्यूबच्या फार नादी लागू नका. इथं येणारा जो तो ट्यूब ट्यूब करतो, 1863 साली सुरू झालेली जगातली पहिली भुयारी रेल्वे वगैरे सगळं खरं, एकदा बसून घ्या, पण बोगद्यातून दिसतंय काय? लंडन बघायचं तर लाल डबलडेकर पकडायची, वर जायचं आणि अगदी पुढच्या काचेपाशी बसायचं. जिन्याचं आक्काला झेपत नसेल तर तिला खाली बसू दे, दाराजवळच्या जागा म्हाताऱ्यांसाठीच असतात.

आता तिकिटाचं. मला तर हेच बघण्यात सगळ्यात जास्त मजा आली, तुझी वहिनी म्हणते तुम्ही राजवाडे बघायला आलाय का तिकीट मशीन. तर बसमध्ये पुढच्या दाराने चढायचं, ड्रायव्हरशेजारी पिवळं मशीन असतं त्याला बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवायचं, आवाज आला की झालं. तिकीट हातात काही मिळत नाही. रोख पैसे तर 2014 पासून घेतच नाहीत. एसटीत कंडक्टर म्हणून सुट्ट्या पैशांवरून सबंध नोकरीभर लोकांशी भांडलेला मी, पहिल्या दिवशी नुसता बघत बसलो, बस भरली तरी कोणी कुणाला ओरडेना.

मग विचार केला हे जमतं कसं, तर खरी गंमत मशीनमध्ये नाहीच. भाडं एकच आहे, 1.75 पौंड, म्हणजे आपले 200 रुपयांच्या आसपास, पुढच्या स्टॉपला उतरा नाहीतर शेवटपर्यंत जा. टप्पेच नाहीत. आपल्याकडं सहा सहा किलोमीटरचे टप्पे, कोण कुठं चढला आणि कुठं उतरणार ते कंडक्टरच्या डोक्यात पाहिजे. इथं टप्पा नाही म्हटल्यावर कंडक्टरचं निम्मं काम तिथंच गेलं. रूटमास्टर नावाच्या जुन्या डबलडेकर गाड्यांना कंडक्टर असायचा, त्या गाड्या 2005 च्या डिसेंबरात नेहमीच्या रूटवरून गेल्या, शेवटची 159 नंबरवर धावली. 2012 ला नव्या रूटमास्टर आणल्या तेव्हा मागच्या दारापाशी एक माणूस परत उभा केला होता म्हणे, पण त्याच्याकडं तिकिटाचं काम नव्हतं, 2016 ला तोही काढला. हे मला नाही पटलं. स्टॉपचं नाव आता रेकॉर्डिंग सांगतं, ठीक आहे, पण म्हातारी बाई पिशव्या घेऊन चढत असेल तर रेकॉर्डिंग काय तिचा हात धरणार आहे? चेकर मात्र आहेत हं, आपल्या लाईन चेकिंगसारखे मधेच चढतात आणि हातातल्या मशीनवर तुमचं कार्ड तपासतात. दंड 100 पौंड. 21 दिवसांत भरला तर निम्मा.

अजून एक सोय, पहिल्यांदा कार्ड टेकवलं की तिथून तासाभरात बदलाल तेवढ्या बसेस त्याच पैशात. तास चढायचा धरतात, उतरायचा नाही, म्हणजे पंचावन्नाव्या मिनिटाला शेवटची बस पकडली आणि तीत दीड तास बसून राहिलात तरी चालतं. आणि दिवसभर बसनेच फिरलात तर 5.25 पौंडाच्या वर कापत नाहीत, तीन भाड्यांनंतर सगळं फुकट. कार्ड मात्र तेच तेच वापरायचं, आणि प्रत्येकाचं वेगळं पाहिजे, दोघांत एक चालत नाही. तू तुझ्या कार्डावर बायकोचंही काढू म्हणशील म्हणून आधीच सांगतो.

आक्काला हाफ तिकीट इथं नाही. बायकांना सवलत नाही, साठीच्या वरच्यांना फुकट आहे पण ते इथं राहणाऱ्यांना, पाहुण्यांना नाही. हे तिला तिथंच सांग, इथं येऊन कळलं तर मी चालतच जाते म्हणेल.

आमच्या वेंबलीहून 18 नंबरची बस युस्टनला जाते, तास सव्वातास सहज लागतो पण हार्ल्सडनवरून जाते, तिथली दुकानं बघत बसावं. तिथून ट्रफाल्गर स्क्वेअरला जायचं, बसस्टॉपच्या खांबावर कुठली बस कुठं जाते ते लिहिलेलं असतं. मग 15 नंबर पकडायची. ही एक बस केली तरी पैसे वसूल. ऑल्डविचला आपलं इंडिया हाऊस दिसतं, पुढं फ्लीट स्ट्रीट, मग सेंट पॉलचा घुमट एकदम काचेसमोर येतो, आणि टॉवर ऑफ लंडनला उतरायचं. टुरिस्ट बसवाले याचेच बक्कळ पैसे घेतात.

ट्यूब लागेल ती दोन ठिकाणांसाठी. एक चॉक फार्म, तिथून थोडं चाललं की 10, किंग हेन्रीज रोड, बाबासाहेब शिकायला होते तेव्हा 1921-22 ला राहिले ते घर, आपल्या महाराष्ट्र सरकारने 2015 ला विकत घेतलं. नॉर्दर्न लाईन आहे, पण कॅम्डन टाऊनला तिला फाटा फुटतो, म्हणून एजवेअर लिहिलेल्या गाडीतच बसायचं, बार्नेटवालीत नाही. दुसरं डॉलिस हिल, तिथं महाराष्ट्र मंडळ आहे, 1932 चं, आमच्या वेंबली पार्कपासून दुसरंच स्टेशन. ट्यूबमध्ये जाताना आणि येताना दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं, उतरताना विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापतात. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात भाडं जास्त, तेव्हा घरीच चहा प्या. सरकत्या जिन्यावर उजवीकडं उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची. आक्काच्या गुडघ्यांसाठी नकाशात व्हीलचेअरची खूण असलेलीच स्टेशनं धरायची, कॉव्हेंट गार्डनला लिफ्टला रांग आहे म्हणून जिना घ्याल तर 193 पायऱ्या आहेत. शिवाय तिथून लेस्टर स्क्वेअर चालत पाच मिनिटांवर, त्यासाठी ट्यूबमध्ये बसायचं म्हणजे पैसे उधळणं.

विमानतळावर पोरगं येईलच. नाही जमलं त्याला तर पिकॅडिली लाईन घ्या, एलिझाबेथ लाईन नवी आणि चकाचक आहे पण निम्म्याहून कमी पैशात पिकॅडिलीही आणून सोडते, वेळ लागतो एवढंच.

सोयाबीन निघालं का ते कळव. गाडीची बॅटरी उतरू देऊ नकोस, दोन दिवसाआड चालू करत जा. आक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दादा