पुढं काय ठरवलंय?

मा. संपादक, स.न.

दहावीचा निकाल लागल्यापासून आमच्या अशोक चौकात जो तो नातवाला विचारतो, "पुढं काय ठरवलंय?" पोरगं गोरंमोरं होतं. मी तरी काय ठरवलं होतं? मॅट्रिक नापास. मग मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, विडीची पानं वाहिली, हॉटेलात हिशेब लिहिले. चादरीच्या जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, बसलो तो तिशीत, तेही मूळ विणकर आजारी पडला म्हणून! जकार्डला नक्षीची भोकं आधीच पुठ्ठ्यांना पाडून ठेवावी लागतात. एक चुकलं की मोराची मान वाकडी. माणसाचा पुठ्ठा सोळाव्या वर्षीच पाडायची घाई कशाला? आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, तेही पुढच्या शिक्षणाचा बेत बाजूला ठेवून.

नातू सध्या सायकल दुरुस्ती शिकतोय. सूनबाई माझ्याशी बोलत नाहीत.

— एक निवृत्त विणकर, सोलापूर