नीलू, ‘हाराकिरी’ बघच

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय नीलू,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. ‘सामुराईचा सिनेमा’ एवढे दोन शब्द ऐकलेस आणि ‘मला नको बाई ती कापाकापी’ म्हणून थेट भिशीवर घसरलीस. कापाकापी आहे, खोटं कशाला सांगू. पण दोन तास तेरा मिनिटांच्या या सिनेमात बहुतेक वेळ माणसं मांडी ठोकून बसलेली असतात आणि बोलत असतात. एक बोलतो, बाकीचे ऐकतात, आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे हळूहळू उतरत जातात.

तुझ्यामागे लागायचं कारण वेगळंच आहे. तुझी अख्खी नोकरी जुन्या कागदांत गेली. मोडीतल्या रोजकीर्दी वाचताना ‘लिहिलंय ते सगळेच वाचतात, गाळलंय काय ते बघ’ असं तू आम्हाला ऐकवायचीस. मासाकी कोबायाशी या जपानी दिग्दर्शकाचा ‘हाराकिरी’ (१९६२) सुरू होतो तोच एका बड्या घराण्याच्या रोजनिशीपासून. धुरकट अंधारात पूर्वजांचं रिकामं चिलखत मांडून ठेवलंय, शिरस्त्राणावर पांढऱ्या केसांचा झुपका, आणि वर रोजनिशी वाचणारा कोरडा आवाज. साल १६३०, महिना मे, ठिकाण एदो, म्हणजे आजचं टोकियो. इयी घराण्याच्या वाड्यावर त्या दिवशी काय काय घडलं त्याची नोंद. घडलेलं खरं आणि नोंदलेलं खरं यांच्यात किती अंतर पडतं, ते मग आपण बघत बसतो.

गोष्ट सांगून टाकते. तू कादंबरीचंसुद्धा शेवटचं पान आधी वाचतेस, तुझं काही बिघडायचं नाही.

जपानवर तोकुगावा घराण्याची सत्ता पक्की झाल्यावर लढाया थांबल्या, आणि शोगुनने, म्हणजे त्या घराण्यातल्या लष्करी सत्ताधीशाने, एकेक सरदार घराणं मोडायला काढलं. हिरोशिमाचा फुकुशिमा मासानोरी याने परवानगी न घेता किल्ल्याची दुरुस्ती केली, एवढ्यावरून १६१९ साली त्याचा मुलूख काढून घेतला. असं घराणं बुडालं की पदरचे सामुराई, म्हणजे लढवय्ये, रस्त्यावर. त्यांना म्हणायचं रोनिन, बिनधन्याचे. तलवारीशिवाय दुसरं काही शिकलेले नाहीत, आणि तलवारीला गिऱ्हाईक नाही. मग त्यातल्या काहींनी एक युक्ती काढली. मोठ्या वाड्याच्या दारात जायचं आणि म्हणायचं, असं कंगाल जगण्यापेक्षा तुमच्या अंगणात इज्जतीने पोट फाडून घेतो, जागा द्या. वाड्यावरचे लोक बिचकायचे, चार पैसे हातावर ठेवून वाटेला लावायचे.

इयींच्या वाड्यात असाच एक तरुण येतो, चिजिइवा मोतोमे. आता याला पैसे दिले तर उद्या रांग लागेल, म्हणून इयींचे लोक ठरवतात की याचा शब्द खरा करायचा. आंघोळ घालतात, कोरे कपडे देतात, सगळा विधी यथासांग. पोरगा गयावया करतो, एक-दोन दिवस द्या, परत येतो. कोणी ऐकत नाही. त्याच्या तलवारी तपासतात तर पाती बांबूची निघतात. पोटासाठी त्याने खरी पाती कधीच विकलेली. मग साळसूदपणे त्याला सांगण्यात येतं, की सामुराईची तलवार म्हणजे त्याचा आत्मा, तेव्हा तुझ्याच तलवारीने होऊ दे.

पुढचं लिहीत नाही. तो प्रसंग लांब आहे, आणि मुद्दाम लांब ठेवलाय. मला विचारशील तर जरा जास्तच लांब. पण तिथे कोबायाशी रक्ताइतकाच भोवतीच्या माणसांकडे बघतो. शिस्तीत रांगेने बसलेत, कपडे परीटघडीचे, एकाचंही कुठे चुकत नाही. मोतोमेचं मुंडकं उडवून त्याची सुटका करायची जबाबदारी ओमोदाका नावाच्या पट्टीच्या तलवारबाजाकडे असते, आणि तो आधी विधी पुरा कर म्हणून अडून बसतो. आपल्याकडे ‘नियमावर बोट ठेवणं’ म्हणतात ना, ते इतकं अंगावर येणारं मी दुसऱ्या कुठल्या पडद्यावर पाहिलेलं नाही.

ही हकीकत वाड्याचा कारभारी साइतो एका दुसऱ्या रोनिनला ऐकवत असतो, कारण तोही तेच मागायला आलेला आहे. नाव त्सुगुमो हानशिरो. हा फुकुशिमांकडचा, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मोतोमेची गोष्ट ऐकून पळ काढेल असा साइतोचा हिशेब. हा मात्र शांतपणे म्हणतो, माझ्या तलवारी बांबूच्या नाहीत, चला.

अंगणात मधोमध पांढऱ्या बैठकीवर तो बसतो. तीन बाजूंनी इयींचे लोक. कॅमेरा कधी वरून असा की सगळं अंगण पटावर मांडल्यासारखं दिसतं. आणि तिथे हानशिरो आपला हक्क सांगतो, की विधीतला माझा साथीदार मी निवडणार. ओमोदाका हवा. निरोप्या जातो, परत येतो : ओमोदाका आजारी, रजेवर. बरं, मग यझाकी. तोही आजारी. मग कावाबे. तोही! तिसऱ्या खेपेला साइतोच्या चेहऱ्यावरची एक शीर हलते, बस एवढंच. नीलू, त्या एका शिरेसाठी साइतो झालेल्या रेंतारो मिकुनीला दंडवत घालावासा वाटतो. इथवर आपण हानशिरोची कीव करत असतो. इथून पुढे साइतोच्या काळजीत पडतो.

निरोप्याची वाट बघायची म्हणून हानशिरो आपली कहाणी सुरू करतो. मोतोमे त्याचा जावई. बुडालेल्या घराण्यापायी प्राण दिलेल्या दोस्ताचा मुलगा, ह्याच्या भरवशावर सोडलेला. मुलगी मिहो क्षयाने खंगलेली, नातू किंगो तापाने फणफणलेला, घरात वैद्याला द्यायला दमडी नाही. मोतोमेला ते एक-दोन दिवस हवे होते ते यासाठी. हानशिरो विचारतो, तुम्ही इतकी माणसं होतात, एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, दोन दिवस कशाला?

हा मधला घरगुती भाग मला थोडा पातळ वाटतो. दुःखावर दुःख रचत जातात, आपल्याकडच्या जुन्या सामाजिक नाटकासारखं. पण त्यातच सिनेमाची खरी कळ आहे. इयींचे लोक मोतोमेचं प्रेत घरी आणून टाकतात, बांबूची पाती दाखवून वर हसतात. ते गेल्यावर हानशिरोचं लक्ष स्वतःच्या तलवारीकडे जातं. पोराने बायकोमुलासाठी पाती विकली, आणि सासऱ्याच्या कमरेला मात्र अस्सल पोलाद लटकत राहिलं; विकायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. छत्र्या बनवून पोट भरणारा हा माणूस त्या एका गोष्टीला चिकटून होता. हानशिरो झालेला तात्सुया नाकादाई तिथे जसा कोसळतो ते बघ. नुसता सूडाचा सिनेमा असता तर हा प्रसंग कोणी घातला नसता. इयींच्या अंगणात तो आरोपी म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवतो, त्यांच्यात तो स्वतःही आहे, आणि हे त्याला ठाऊक आहे.

आणि ऐक, नातवाचा आजोबा झालेला हा नाकादाई तेव्हा तिशीचासुद्धा धड नव्हता! नाटकातून आलेला नट. आवाज असा खाली लावलाय की वय आवाजातच येतं. कोबायाशीबरोबर त्याने त्याआधी ‘द ह्यूमन कंडिशन’ हा जवळजवळ साडेनऊ तासांचा युद्धपट केला होता. (तो बघ असं मी सांगणार नाही, घाबरू नकोस.) पटकथा शिनोबू हाशिमोतोची. ‘राशोमोन’ आणि ‘सेव्हन सामुराई’ लिहिणाऱ्यांतला हाच. एकच घटना दोन तोंडांनी सांगून तिचा अर्थ फिरवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. इथे साइतोने सांगितलेला मोतोमे आणि हानशिरोने सांगितलेला मोतोमे, दोन्ही तंतोतंत खरे आहेत.

संगीत तोरू ताकेमित्सूचं. ‘संगीत’ म्हणताना जीभ अडखळते, कारण बराच वेळ काहीच वाजत नाही. मग मध्येच बिवाची एखादी तार जोरात छेडली जाते आणि परत सामसूम. बिवा हे त्यांचं जुनं तंतुवाद्य, पंख्याच्या आकाराच्या भल्यामोठ्या नखीने वाजवतात.

ते तिघे आजारी का, हे तू एव्हाना ओळखलं असशील. हानशिरो अंगरख्यातून त्यांच्या कापलेल्या शेंड्या काढून जमिनीवर टाकतो, एकेकाचं नाव घेत. सामुराईची शेंडी जाणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. शेंडी परत वाढेपर्यंत तिघे पांघरूण घेऊन घरात दडलेले. ज्या ओमोदाकाने मोतोमेला नियम शिकवला, तो स्वतःवर वेळ आल्यावर आजाराचं सोंग घेतो. त्याची आणि हानशिरोची लढत वाऱ्याने लवणाऱ्या उंच गवतात होते, तेवढी मात्र डोळे उघडे ठेवून बघ. खऱ्या धारेच्या तलवारी वापरल्या होत्या असं नाकादाईने पुढे मुलाखतीत सांगितलंय, आणि दोघेही एकमेकांपासून जे अंतर राखून असतात त्यात ते दिसतंही.

शेवटी वाड्यात एकावर सगळे. ही मारामारी देखणी नाही, धापा टाकत, अडखळत चालते. सगळीकडून घेरला गेल्यावर हानशिरो ते पूर्वजांचं पवित्र चिलखत उचलतो आणि जमिनीवर आपटतो. आणि मग तलवारीचा एवढा टेंभा मिरवणारे इयी बंदुका काढतात.

या सगळ्या वेळात साइतो आत एकटाच बसून आवाज ऐकत असतो. माणूस येऊन वर्दी देतो : चार ठार, आठ जबर जखमी. तुझा भाग इथून सुरू होतो. साइतो सांगतो, आमचे चौघे आजाराने वारले. एका उपाशी रोनिनच्या हातून इयींचा माणूस मरूच शकत नाही. ओमोदाकाने पोट फाडून घेतलंय असं कळतं. उरलेल्या दोघांनाही तेच करायला लावा, आणि तेही आजारानेच गेले असं लिहा. लगेच झाडलोट सुरू होते. चिलखत पुसूनपासून होतं तिथे मांडतात. आणि रोजनिशीचा आवाज परत येतो, इयी घराण्याची कीर्ती गात.

कोबायाशीला हे कुठून सुचलं असेल त्याचा थोडा अंदाज बांधता येतो. दुसऱ्या महायुद्धात त्याला सैन्यात भरती करून मांचुरियाला पाठवलं होतं. तिथे त्याने बढती घ्यायला नकार दिला आणि अखेरपर्यंत साधा शिपाईच राहिला. वरून आलेला हुकूम खाली कसा झिरपतो हे त्याने तळाला राहून पाहिलेलं. त्याच्या देशातले वरचे लोक सामुराईंच्या इज्जतीची भाषा बोलत पोरांना मरायला धाडत होते, त्याला तेव्हा पुरती वीस वर्षंही लोटली नव्हती. कानच्या चित्रपट महोत्सवात १९६३ साली या सिनेमाला ज्युरींचं खास पारितोषिक मिळालं, ते ठीक. पण तेव्हा थिएटरात बसलेल्या जपानी बाप्यांना त्या रोजनिशीचं काय वाटलं असेल, हे मला जास्त ऐकायला आवडलं असतं.

मला साइतोचा नीट राग येत नाही, हीच पंचाईत. तो काही राक्षस नाही. हानशिरोला आधी परत जा म्हणून समजावतो, मोतोमेच्या वेळीही घाई दुसऱ्यांची असते. फक्त प्रत्येक वळणावर तो घराण्याला शोभेल ते करतो. तू आयुष्यभर अशाच कारभाऱ्यांचं अक्षर वाचलंस. बघून झाल्यावर मला एवढं कळव, की अशी साफसूफ केलेली नोंद वाचताना तुला कधी वास आला होता का, आणि आला तर कशावरून? फोन कर, यावेळी मी ऐकते. भिशीचंही ऐकते.

तुझी,
मंगल

ता. क. २०११ साली ताकाशी मिइकेने हीच गोष्ट रंगीत आणि थ्रीडीत परत काढली. वाईट नाही, पण चुकून ती लावशील. आपल्याला जुनी हवी, कृष्णधवल. आणि इंग्रजी अक्षरं भरभर जातात, तेव्हा चष्मा जवळचा नको, लांबचा घेऊन बस.