निळ्या दिव्याखालचं बाळ

महोदय,

नवजात बाळाच्या काविळीसाठी डॉक्टरांनी ‘फोटोथेरपी’ म्हटलं, की घरचे धास्तावतात. हे एक्स-रेसारखंच काही असणार, असा समज! प्रत्यक्षात तो साधारण 460 ते 490 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळसर दृश्य प्रकाश असतो, अतिनील किरण नव्हेत. त्वचेतल्या बिलिरुबिनच्या (कावीळ आणणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्याच्या) रेणूंची ठेवण त्याने बदलते आणि ते पित्तातून, लघवीतून बाहेर पडू लागतं. डोळ्यांवरची पट्टी फक्त प्रखर उजेडापासून जपण्यासाठी.

उन्हात नेलेल्या बाळांचा पिवळेपणा उतरतो, हे इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयातल्या परिचारिका जीन वॉर्ड यांनी हेरलं. त्यातूनच 1958 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शोधनिबंध आला. (श्रेय बहुधा डॉक्टरांनाच मिळतं, ते असो.) पण म्हणून घरच्या कोवळ्या उन्हावर विसंबू नये. उन्हाची मात्रा मोजता येत नाही, आणि उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं.

‘सपोर्टिव्ह केअर’, म्हणजे उपचारांसोबतची पूरक काळजी, ही वरवरचीच असते, हाही गैरसमजच. वारंवार दूध पाजलं की शी होते आणि तिच्यावाटे बिलिरुबिन जातं. दिव्याखाली त्वचा लवकर उजळते, म्हणून रंगावरून कावीळ उतरली असं ठरवू नये. रक्त तपासावंच लागतं.

– एक वाचक