थकलेल्या बिलांसाठी चेंबरने बोलावे

महोदय,

परकीय सत्तेच्या काळात देशी उद्योजकांना एकमुखाने बोलता यावे म्हणून उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १९३४ मध्ये पुण्यात अशीच संघटना, मराठा चेंबर, उभी राहिली. आज भोसरीतील माझ्या वर्कशॉपमध्ये लेथ दोन पाळ्यांत चालते, पण लघुउद्योगांची बिले जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करण्याचे कायदेशीर बंधन असूनही एका बड्या कंपनीकडे माझे पैसे पाच महिने अडकले आहेत. तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल, या धास्तीने एकटा पुरवठादार गप्प बसतो. अशा तक्रारी एकत्र करून, पुरवठादाराचे नाव न उघड करता, चेंबरने त्या स्वतःच्या लेटरहेडवर संबंधित कंपनीच्या संचालकांपुढे मांडाव्यात, मग ती कंपनी चेंबरची सभासद का असेना.

– एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे