एकाच अपराधाची माफी, पुन्हा पुन्हा

नाशिक, सप्टेंबर

प्रिय मित्रा,

प्रभूच्या नावात सलाम.

ईस्टरला भावाला माफ केलंस, पण द्राक्षाच्या हिशेबाचा विषय निघाला की अजून माथा भडकतो, म्हणजे ती माफी खोटीच होती, असं तू लिहिलंस. खोटी नव्हती रे. भावाला किती वेळा माफ करू, असं शिष्य पेत्राने विचारलं, तेव्हा येशूने ‘साताच्या सत्तर वेळा’ हे उत्तर दिलं, ते आपण ४९० निरनिराळे अपराध समजतो. पुष्कळदा अपराध एकच असतो, आठवण ४९० वेळा येते. दर वेळी माफी नव्याने द्यावी लागते. एप्रिलात द्राक्षवेलींची खरड छाटणी झाली म्हणून ऑक्टोबरची गोडी छाटणी तू टाळतोस का?

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या त्याच १८व्या अध्यायातला दाखला पुन्हा वाच: मालकाने ज्याचं प्रचंड कर्ज सोडलं, तोच चाकर सोबत्याला १०० दीनारांसाठी धरतो. १०० दीनार म्हणजे मजुराची १०० दिवसांची कमाई. येशू त्या देण्याला क्षुल्लक म्हणत नाही. मालकाने सोडलेले १०,००० तालांत मात्र, एका तालांताचे ६,००० दीनार धरले, तर ६ कोटी दिवसांची मजुरी होते. दोन्ही आकडे खरे आहेत. म्हणून आधी तुझे १०० दीनार कागदावर मांड: किती पैसे, कोणत्या साली, कोणता शब्द लागला. ‘जाऊ दे, काही झालंच नाही’ म्हटल्याने कर्ज सुटत नाही, नुसतं दडतं आणि एखाद्या लग्नात भलत्याच निमित्ताने वर येतं. कागद समोर ठेवून भावाचं नाव घेऊन प्रार्थना कर. राग पुन्हा आला की ‘हे मी सोडलंय’ एवढंच मोठ्याने म्हण. मनातला खटला पुन्हा चालवू नकोस.

माफी तू एकटा देऊ शकतोस, समेटाला दोघं लागतात. पौलही रोमकरांच्या पत्रात सर्वांशी शांतीने राहा म्हणताना ‘शक्य असेल तर’ म्हणतो. येशूने सांगितलेली पहिली पायरी एकांताची आहे, आणि बहुतेकांचं इथेच बिघडतं. आपण आधी बहिणीला सांगतो, मग पाळकसाहेबांना, मग घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. भावाच्या कानावर ते चार तोंडांतून जातं आणि तो भेटीआधीच बचावाला उभा असतो. फोन तूच कर, पण पैशाचा विषय फोनवर नको. सोमेश्वरला नदीकाठी भेटा, अर्धा तास पुरे. आधी तुझी चूक सांग, तिच्यात ‘पण’ येऊ देऊ नकोस. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ असंही नको. त्यात दोष त्याच्या वाटण्यावर जातो. मग तुझी एकच तक्रार काढ, पंधरा वर्षांची यादी नाही. हिशेब दुसऱ्या भेटीला, कागदपत्रं घेऊन. भरपाई मागणं सूड नव्हे. जकातदार जक्कयाने ज्यांना लुबाडलं त्यांना स्वतःहून चौपट देऊ केलं होतं. तो ऐकेना तर एक-दोघांना सोबत ने, दोघांनाही चालतील असेच.

भरवसा मात्र सावकाश येईल. योसेफाने त्याला विकणाऱ्या भावांना माफ केलं, बाप याकोब त्यानंतर मिसरात १७ वर्षं जगला, आणि तो वारताच भावांना वाटलं, आता योसेफ सूड घेणार. योसेफ रडला आणि तेच आश्वासन त्याने पुन्हा दिलं. आपल्या जलालपूरच्या, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकही नवऱ्याच्या १८९५च्या बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं दूर राहिल्या. परत आल्यावरही त्यांचं सोवळं एका दिवसात सुटलं नाही.

तू चुलतबहिणीबद्दल विचारलंस. तिथे माझं मत ठाम आहे. मारणाऱ्या नवऱ्याला माफ करणं म्हणजे त्याच घरात परत जाणं नव्हे. आधी सुरक्षित जागा, पोलिसांत तक्रार. मंडळीतल्या कोणीही ‘क्षमा कर’ म्हणून तिला परत धाडू नये.

भावाला छाटणीआधी भेट, मजूर लागले की तुम्हा दोघांनाही फुरसत नसते. फोन शनिवारीच कर, रविवारी प्रभुभोजन आहे. वेदीपाशी भाऊ आठवला तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं मत्तयाच्या ५व्या अध्यायात आहे. कागद लिहून झाला की कळव.

तुझा मित्र